जन्मजात मूत्रपिंड-विकृती : निदान व उपचारांची ऐतिहासिक वाटचाल
(विशेष संदर्भ : हिंगोली व मराठवाडा)

प्रास्ताविक

मानवी शरीरात पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक अशी दोन मूत्रपिंडे असतात, हे शालेय पाठ्यपुस्तकातील विधान सर्वसाधारणपणे खरे असले तरी ते प्रत्येक शरीराला लागू पडत नाही. काही व्यक्ती एकच मूत्रपिंड घेऊन जन्मास येतात. काहींची दोन्ही मूत्रपिंडे खालच्या टोकांशी जोडली जाऊन घोड्याच्या नालेचा आकार धारण करतात. काहींमध्ये एका बाजूचे मूत्रपिंड कणा ओलांडून दुसऱ्या बाजूस जाते व तेथील मूत्रपिंडाला चिकटते; तर अत्यंत दुर्मीळ प्रसंगी दोन्ही मिळून ओटीपोटात एकच चपटा गोळा तयार होतो. या शेवटच्या प्रकारास इंग्रजीत 'पॅनकेक किडनी' असे नाव आहे. मराठीत त्यास धिरड्याची उपमा अधिक शोभेल.

यांपैकी नालाकृती मूत्रपिंड हा प्रकार तुलनेने अधिक आढळतो. साधारणतः चारशे ते सहाशे व्यक्तींमागे एकास तो असतो व स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक दिसतो. जन्मतः एकच मूत्रपिंड असणे हे सुमारे हजारांत एकाच्या वाट्यास येते. दोन्ही मूत्रपिंडांचा अभाव मात्र दर तीन-चार हजार जन्मांमागे एखादा असतो आणि तो जीवनाशी विसंगत ठरतो.

वैद्यकीय ग्रंथांत या विकृतींचे वर्णन सहसा शरीररचनेच्या अंगाने केले जाते. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. विकृत मूत्रपिंडाचा इतिहास हा बव्हंशी एका प्रश्नाचा इतिहास होय : शस्त्र चालविण्यापूर्वी, 'दुसरे मूत्रपिंड आहे काय, आणि असल्यास कोठे?' हा प्रश्न प्रथम कोणाच्या प्राणांची किंमत देऊन विचारला गेला, त्याचे उत्तर देण्याची साधने केव्हा निर्माण झाली, आणि ती साधने हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील रुग्णापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचली, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

वृक्क आणि बस्ती

प्राचीन भारतीय वैद्यकास मूत्रपिंड ज्ञात होते. संहितांत त्यास 'वृक्क' ही संज्ञा आहे आणि ती द्विवचनात येते. सुश्रुताने वृक्कांची उत्पत्ती रक्त व मेद यांच्या प्रसादभागापासून सांगितली आहे. चरकाने त्यांना मेदोवह स्रोतसांचे मूळ मानले आहे. मूत्रवह स्रोतसांचे मूळ मात्र चरकाच्या मते बस्ती आणि वंक्षण हे होत. म्हणजेच मूत्राशी प्रत्यक्ष संबंध बस्तीचा मानला गेला, वृक्काचा नव्हे. अश्मरीवरील सुश्रुताची प्रसिद्ध शस्त्रक्रिया ही देखील बस्तीतील खड्याची आहे.

सुश्रुताने शवाच्या परीक्षणाची जी रीत सांगितली आहे, तीत एक बाब लक्षणीय आहे. शव सर्व अवयवांनी परिपूर्ण असावे, विषाने अथवा दीर्घ व्याधीने मृत्यू आलेल्याचे नसावे, अशी अट त्याने घातली. शव मुंज इत्यादी तृणांत गुंडाळून वाहत्या पाण्यात ठेवावे व सात रात्रींनंतर ते हळूहळू घासत जाऊन एकेक थर पाहावा, ही ती रीत होय. अभ्यासासाठी निर्दोष शरीर निवडणे हे शिक्षणाच्या दृष्टीने योग्यच होते. तथापि मूत्रपिंडाची विकृती बाहेरून दिसत नाही, आणि नियमाचा शोध घेणाऱ्या दृष्टीस अपवाद सहज दिसत नाही, हे तितकेच खरे.

शवविच्छेदनातून झालेली ओळख

नालाकृती मूत्रपिंडाचे पहिले ज्ञात वर्णन इटलीतील शरीररचनाकार बेरेंगारिओ दा कार्पी यांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात शवविच्छेदनाच्या आधारे केले. १५६४ मध्ये लिओनार्दो बोताल्लो यांनी अधिक सविस्तर वर्णन चित्रासह दिले. त्यापुढील सुमारे तीनशे वर्षे ही विकृती केवळ कुतूहलाचा विषय होती. जिवंत माणसात ती ओळखण्याचा मार्ग नव्हता आणि ओळखून करण्यासारखे काही नव्हते.

भारतात आधुनिक पद्धतीच्या शवविच्छेदनाचा आरंभ १८३६ मध्ये कलकत्त्यास झाला. मुंबईत गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात मराठी तरुणांनी शवास हात लावणे ही सामाजिकदृष्ट्या लहान गोष्ट नव्हती. त्यांच्या इतिहासविषयक कार्याचीच आठवण अधिक ठेवली जाते, याचे थोडे नवल वाटते.

विकृतीचे कारण पुढे गर्भविज्ञानाने स्पष्ट केले. मूत्रपिंडे मूळची कमरेच्या जागी निर्माण होत नाहीत. गर्भाच्या ओटीपोटात ती एकमेकांजवळ तयार होतात आणि साधारणतः सहाव्या ते नवव्या आठवड्यात वर सरकून आपल्या जागी येतात. या प्रवासात त्यांची खालची टोके जुळली, तर मध्ये एक पूल तयार होतो. वर सरकताना हा पूल महारोहिणीपासून निघणाऱ्या खालच्या आंत्रधमनीखाली अडतो व जोडलेले मूत्रपिंड तेथेच थांबते. मूत्रवाहिन्या या पुलावरून पुढच्या बाजूने वाकून खाली उतरतात. त्यामुळे मूत्र साचून राहणे, जंतुसंसर्ग होणे व खडे होणे या तक्रारी उद्भवतात. पुष्कळांना मात्र जन्मभर कोणताच त्रास होत नाही.

शस्त्रक्रियेपुढील प्रश्न

मूत्रपिंड काढूनही माणूस जगू शकतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत निश्चित नव्हते. १८६१ मध्ये अमेरिकेत वोल्कॉट यांनी यकृताची गाठ समजून जी काढली, ती मूत्रपिंडाची निघाली. रुग्ण वाचला नाही. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्ताव सिमॉन यांनी प्रथम कुत्र्यांवर प्रयोग करून एका मूत्रपिंडावर जीवन चालते याची खात्री करून घेतली आणि २ ऑगस्ट १८६९ रोजी एका स्त्रीचे मूत्रपिंड पूर्वनियोजित शस्त्रक्रियेने काढले. तिला मूत्रवाहिनीच्या नाडीव्रणाचा असह्य त्रास होता. ती बरी झाली. या यशानंतर युरोप-अमेरिकेत ही शस्त्रक्रिया झपाट्याने रूढ झाली.

सिमॉन यांचा सिद्धान्त दोन मूत्रपिंडे असलेल्या प्राण्यावर उभा होता. त्यातील धोका १८८०च्या दशकाच्या आरंभी न्यू यॉर्क येथे प्रत्ययास आला. डॉ. विल्यम पोल्क यांनी एका तरुणीचे, जागा सोडून खाली असलेले वेदनादायी मूत्रपिंड काढले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. मूत्र मात्र आले नाही. अकराव्या दिवशी ती मरण पावली. शवविच्छेदनात दुसरे मूत्रपिंड नव्हतेच, असे आढळले. पोल्क यांनी ही घटना दडवली नाही. ती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या तरुणीच्या जननमार्गातही जन्मजात अपूर्णता होती. गर्भावस्थेत मूत्रमार्ग व जननमार्ग यांची घडण शेजारी-शेजारी होत असल्याने एकातील विकृती दुसऱ्याकडे लक्ष वेधते, हे ज्ञान आज सामान्य झाले आहे. त्या वेळी ते तसे असते, तर शस्त्र उचलण्यापूर्वी कोणी तरी थांबले असते.

'दुसरे मूत्रपिंड आहे काय?' हा प्रश्न यापुढे शल्यचिकित्सेत अनिवार्य झाला. त्याचे उत्तर देण्याची साधने एकामागून एक आली. माक्सिमिलिआन नीत्से यांनी १८७७ मध्ये मूत्राशयात डोकावण्याची दुर्बीण सिद्ध केली होती. १८९७ मध्ये आल्बारान यांनी तीस अशी तरफ जोडली, की प्रत्येक मूत्रवाहिनीत स्वतंत्र नळी घालता येऊ लागली. १९०३ मध्ये फेल्कर व योझेफ यांनी निळे द्रव्य टोचून ते कोणत्या मूत्रवाहिनीच्या मुखातून बाहेर पडते हे पाहण्याची युक्ती काढली. एका मुखातून निळी धार आली नाही, तर त्या बाजूचे मूत्रपिंड निकामी आहे अथवा मुळात नाही, असा तर्क करावयाचा. १९०६ मध्ये क्ष-किरण व मूत्रवाहिनीतून भरलेले द्रव यांच्या मदतीने मूत्रपिंडाच्या पोकळीचे चित्र घेता येऊ लागले. मोझेस स्विक यांनी १९२९ मध्ये बर्लिन येथे शिरेतून टोचावयाचे द्रव्य यशस्वी करून दाखविले, तेव्हा रुग्णास फारसा त्रास न देता दोन्ही मूत्रपिंडे एकाच चित्रात पाहणे शक्य झाले. 'आय.व्ही.पी.' या नावाने ही तपासणी भारतातील रुग्णालयांत पुढे कित्येक दशके चालली.

नालाकृती मूत्रपिंडाच्या उपचारात या काळात एक चूक रूढ झाली होती. चित्र दिसू लागल्यावर दिसणाऱ्या आकारालाच रोग मानण्याची प्रवृत्ती बळावली. पोटदुखीचा दोष मधल्या पुलावर येऊ लागला व तो कापून मूत्रपिंडे विलग करण्याची शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या आरंभापासून अनेक ठिकाणी होऊ लागली. कालांतराने असे दिसून आले, की त्रास पुलाचा नसून बहुधा मूत्राच्या अडथळ्याचा असतो. म्हणून आज पूल कापणे हा उपचाराचा नेहमीचा भाग राहिलेला नाही. अडथळा असल्यास तो दुरुस्त करणे, खडे असल्यास दुर्बिणीने काढणे, आणि काहीच तक्रार नसल्यास केवळ लक्ष ठेवणे, ही रीत मान्यता पावली आहे. वैद्यकाच्या इतिहासात न करण्याची विद्या करण्याच्या विद्येहून उशिरा येते, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

मुंबई, १९६५

एकच मूत्रपिंड असलेल्या व्यक्तीचे ते मूत्रपिंडही रोगग्रस्त झाले, तर काय? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याचे उत्तर मृत्यू हेच होते. १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी रक्तशुद्धीचे यंत्र माणसावर वापरले. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले.

भारतात या दिशेने पहिले पाऊल मुंबईत पडले. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय या १९२६ मध्ये सुरू झालेल्या संस्थांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक शस्त्रक्रियेची परंपरा उभी राहिली होती. याच विभागाने पुढे फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातील पहिले हृदयरोपण केले. तत्पूर्वी, मे १९६५ मध्ये, के.ई.एम. येथे मृत दात्याचे मूत्रपिंड एका रुग्णास बसविण्यात आले. रुग्णास मूत्रपिंडाचा कर्करोग होता. तो काही दिवसच जगला. जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे भारतातील पहिले यशस्वी रोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले.

रोपणामुळे जुना प्रश्न नव्या रूपात परत आला. आता तो निरोगी माणसाबद्दल विचारावा लागतो. दाता म्हणून पुढे आलेल्या आईस अथवा भावास दोन मूत्रपिंडे आहेत काय, ती स्वतंत्र आहेत काय, त्यांच्या रक्तवाहिन्या किती, हे पाहिल्याविना दान स्वीकारले जात नाही. आपल्याला एकच मूत्रपिंड आहे किंवा ते नालाकृती आहे, हे काहींना अशाच तपासणीत प्रथम कळते. मूत्रपिंडांच्या व्यापारास आळा घालण्यासाठी १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला व ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत तो प्रथम अमलात आला.

हिंगोलीच्या रुग्णाची वाट

मुंबईतील या घडामोडींचा हिंगोलीशी संबंध दीर्घकाळ नव्हता, याचे कारण राजकीय भूगोलात आहे. हिंगोली हे निजामाच्या राज्यातील गाव होते आणि १९०३ पर्यंत तेथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. छावणीमुळे लष्करी रुग्णव्यवस्था आली, तरी उच्च उपचारांचे केंद्र हैदराबाद हेच राहिले. तेथे १८४६ मध्ये वैद्यकीय विद्यालय निघाले होते. १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची चौकशी करणारे दोन आयोग एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने तेथेच बसले. मीटरगेज रेल्वेने पूर्णेमार्गे हैदराबाद गाठणे हिंगोलीकरास मुंबई गाठण्यापेक्षा सोयीचे होते. भाषेतही याच्या खुणा आहेत. मूत्रपिंडास 'गुरदा' म्हणणारी माणसे मराठवाड्यात अजून भेटतात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. रुग्णाची दिशा हैदराबादकडून औरंगाबादकडे वळली. अंतर मात्र दोनशे किलोमीटरहून अधिकच राहिले. ते खऱ्या अर्थाने कमी झाले नांदेड येथे १९८८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाल्यानंतर. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२४ उजाडावे लागले.

अंतराइतकाच खर्चही निर्णायक होता. जुलै २०१२ मध्ये राज्याने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ८ जिल्ह्यांत सुरू केली. मूत्रमार्गाच्या अनेक शस्त्रक्रिया तीत अंतर्भूत होत्या. या ८ जिल्ह्यांत नांदेड होता, हिंगोली नव्हता. त्यामुळे नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू होईपर्यंत, एकाच आजाराचे दोन शेजारी जिल्ह्यांतील रुग्ण केवळ शिधापत्रिकेवरील पत्त्यामुळे वेगळे ठरत होते. ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते.

सोनोग्राफी आणि कायदा

इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने उदरातील चित्र घेण्याचे तंत्र मांडले. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियात गर्भाच्या मूत्रपिंडाची विकृती जन्मापूर्वीच ओळखण्यात आली. सोनोग्राफीने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर विचारावयाचा प्रश्न आता तालुक्याच्या गावी, कोणतेही शस्त्र न चालविता आणि बहुधा अन्य कारणाने केलेल्या तपासणीत, आपोआप सुटू लागला.

महाराष्ट्रात याच यंत्राचा दुसरा इतिहास आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत झाला व २००३ मध्ये अधिक कडक झाला. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली आढळल्या, यावरून त्या कठोरतेची आवश्यकता पटते. कायद्याने जन्मजात विकृतींच्या शोधासाठी तपासणी करण्यास मनाई केलेली नाही. तथापि यंत्राची नोंदणी, प्रशिक्षित हातांची अट व प्रत्येक गर्भवतीचा अर्ज यांमुळे यंत्र मोजक्या केंद्रांत राहिले. हे योग्यच झाले. पण त्याचा भार दूरच्या खेड्यातील गर्भवतीवर पडला, हेही नोंदविले पाहिजे.

दोन्ही मूत्रपिंडांच्या अभावाच्या बाबतीत हा भार सर्वांत अधिक जाणवतो. एडिथ पॉटर यांनी १९४६ मध्ये अशा अर्भकांच्या चेहऱ्याचे वैशिष्ट्यपूर्ण वर्णन केले. गर्भजल हे गर्भाच्या मूत्रातूनच मुख्यतः तयार होते. मूत्रपिंडे नसल्यास सोळाव्या आठवड्यानंतर ते जवळजवळ नाहीसे होते, फुप्फुसांची वाढ खुंटते आणि अर्भक जन्मानंतर फार काळ जगत नाही. म्हणजे निदानाचा नैसर्गिक काळ अठरा ते वीस आठवड्यांचा. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून झालेल्या १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याची मर्यादाही वीस आठवड्यांचीच होती. तपासणी एक आठवडा लांबली, की जे मूल जगणार नाही हे ज्ञात आहे ते पूर्ण दिवस वाहणे एवढेच त्या स्त्रीच्या हाती उरत असे. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या, गर्भाच्या हृदयविकाराशी संबंधित प्रकरणाने ही कोंडी देशापुढे आणली. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भातील गंभीर विकृतींसाठी, वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानुसार, मुदतीची अट काढण्यात आली.

आजची उपचारपद्धती आणि एक उणीव

एकच मूत्रपिंड असलेले मूल बहुधा निरोगी वाढते. ते मूत्रपिंड आकाराने वाढून दोघांचे काम करते. पण वर्षातून एकदा रक्तदाब मोजणे, लघवीत प्रथिने जातात काय हे पाहणे, वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे, आणि मुलगी असल्यास वयात येताना गर्भाशयाची तपासणी करून घेणे, एवढे आवश्यक असते. यांतील शेवटची सूचना अनेकदा राहून जाते. अशा मुलीस पाळी सुरू झाल्यावर तीव्र पोटदुखी झाली, तर त्यामागे जननमार्गाचा एका बाजूचा अडथळा असू शकतो. नालाकृती मूत्रपिंड असलेल्यांत खडे व अडथळा यांकडे लक्ष द्यावे लागते. पोटावर मार बसल्यास कण्यासमोर असलेला पूल चिरडण्याचा धोका असतो. आणि बालवयात विल्म्सची गाठ होण्याची शक्यता इतरांहून काहीशी अधिक असते.

बालकांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे, सुरू झाला. अंगणवाड्या व शाळांतून फिरणारी त्याची पथके हिंगोली जिल्ह्यातही जातात. या कार्यक्रमाने शोधावयाच्या जन्मजात दोषांची जी यादी केली, तीत ९ दोष आहेत : मज्जारज्जूचे दोष, डाउन सिंड्रोम, दुभंगलेले ओठ व टाळू, वाकडी पावले, खुब्याचा सांधा, मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाचा विकार. मूत्रपिंड त्यांत नाही. ते डोळ्यांनी दिसत नाही आणि पथकाजवळ सोनोग्राफी यंत्र असणे कायद्याच्या दृष्टीनेही सोपे नाही. रक्तदाबमापक व लघवीत बुडवावयाची पट्टी मात्र पथकास सहज जवळ बाळगता येण्यासारखी आहे, आणि लपलेल्या मूत्रपिंडविकाराच्या पहिल्या खुणा बहुधा या दोहोंतच उमटतात.

दुसरी अडचण कागदाची आहे. गर्भावस्थेतील अथवा बालपणीच्या सोनोग्राफीत 'एका बाजूचे मूत्रपिंड दिसत नाही' अशी नोंद होते. आईवडील ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर दुसऱ्या जिल्ह्यात जातात. अहवालाची घडी ट्रंकेत राहते किंवा पावसात भिजते. पंधरा-वीस वर्षांनी त्याच व्यक्तीस खड्याच्या वेदनेने दुसऱ्याच रुग्णालयात नेले जाते, तेव्हा तेथील डॉक्टरास पोल्क यांच्यापुढील प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागतो. यंत्र जवळ असल्याने तो आज काही मिनिटांत सुटतो. रात्रीच्या वेळी यंत्र चालविणारा हजर नसेल, तर रुग्णास नांदेडची वाट धरावी लागते.